वाट न चुकलेली मुले



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक माता आम्हाला थांबवून म्हणाल्या, "फादर, त्या वस्तीतली पोरं अशी का निघतात?" वस्ती कोणती ते आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिचे नाव येथे लिहीत नाही. प्रश्नही नवा नाही. कोणाची मोटारसायकल गेली, बाजाराच्या दिवशी कोणाच्या खिशातून मोबाइल गेला, सट्ट्याच्या अड्ड्यावर धाड पडून त्यात दोन शाळकरी मुले सापडली, की फैजपुरात हाच प्रश्न ऐकू येतो. थोडे बोलल्यावर समजले की त्या मातेचा मुलगा त्या वस्तीतील एका मुलाबरोबर संध्याकाळी अभ्यासाला बसतो. तो संग तोडावा की राहू द्यावा, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. रात्री विचार करताना वाटले की प्रश्नच उलटा विचारायला हवा. त्याच वस्तीत, त्याच गल्लीत, त्याच पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कितीतरी मुले काहीच गैर करीत नाहीत. सुटीच्या दिवशी ती केळीच्या गाड्या भरायला जातात, एरवी दप्तर घेऊन शाळेत जातात, आजारी आजीला सावद्याला दवाखान्यात नेतात. गरिबी तीच, शेजार तोच, गुत्ताही तितक्याच अंतरावर. मग ही मुले वाट का चुकत नाहीत? वर्तमानपत्रात त्यांची बातमी येत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आम्ही आजवर किती प्रवचने दिली त्याची गणती नाही. परंतु घरी राहिलेला मुलगा घरी का राहिला, यावर एकही प्रवचन दिल्याचे आठवत नाही.

हा उलटा प्रश्न आमच्या आधी अनेक अभ्यासकांनी विचारला आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की माणूस गुन्हा का करतो याचे फार नवल करू नये, मोह सर्वांनाच असतो. नवल याचे करावे की बहुतेक लोक गुन्हा का करीत नाहीत. हजारो शाळकरी मुलांना प्रश्न विचारून त्यांनी जे काढले त्यातील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. आईवडील चोवीस तास मुलाच्या मागे असू शकत नाहीत, आणि खोडी करायला पाच मिनिटे पुरतात. तेव्हा आईवडील जवळ उभे आहेत का, याला फारसे महत्त्व नाही. मोहाच्या त्या क्षणी ते मुलाच्या मनात हजर असतात का, याला महत्त्व आहे. आपण कोठे आहोत व कोणाबरोबर आहोत हे घरी माहीत आहे, असे ज्या मुलाला वाटते, तो सहसा आवरला जातो.

त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, ओहायो राज्यातील कोलंबस शहरात वॉल्टर रेकलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी साधी युक्ती केली. शहरात जेथे बालगुन्हेगारी सर्वांत जास्त, त्या भागातील शाळांमध्ये जाऊन त्यांनी सहावीच्या शिक्षकांना विचारले : तुमच्या वर्गातील कोणती मुले कधीही पोलिसांच्या हाती लागणार नाहीत असे तुम्हाला वाटते? अशा १२५ मुलांशी ते बोलले. मुले बारा वर्षांच्या आसपासची होती. या मुलांची स्वतःबद्दल एक पक्की समजूत होती : आपण 'तसले' नाही, आपल्याला कोणी कोर्टात नेणार नाही, घरचे लोक कडक असले तरी आपल्या भल्याचे पाहतात. चार वर्षांनी त्यांतील १०३ मुलांचा माग काढला, तेव्हा केवळ चौघांची नावे पोलिसांच्या अथवा न्यायालयाच्या दप्तरी आढळली. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते तशी ही समजूत मुलाचे रक्षण करते, असे त्यांनी मांडले.

या अभ्यासावर पुढे पुष्कळ टीका झाली. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो असल्याने त्यातील एक शंका आम्हालाही सुटत नाही. शिक्षकांनी चांगली मुले ओळखली की ती चांगली ठरवली? ज्या मुलाकडे मास्तर वर्षभर 'हा आपला गुणी मुलगा' म्हणून पाहतात, त्याला स्वतःबद्दल तसेच वाटू लागणे साहजिक आहे. अंगातील वेष्टण मुलाने स्वतः विणले की कोणी त्याच्या अंगावर घातले? आमच्या मते बारा वर्षांच्या मुलाला ते एकट्याने विणता येत नाही. ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे की न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. परंतु पहिले कृत्य करायची संधी तरी कोणीतरी द्यावी लागते.

आता परदेश सोडून आपल्या महाराष्ट्रात येऊ या. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मचरित्र १९८७ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे, पण जेवणानंतर लगेच वाचू नये, इतके ते जाळणारे आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगाव हे लेखकाचे गाव. ज्या जमातीत त्यांचा जन्म झाला तिला इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम झाला, पुढे १९११ साली तो देशभर लागू करण्याची सोय झाली. कायद्याखाली नोंद झालेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी लावावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. पाळण्यातले मूलदेखील उद्याचा चोर म्हणून मोजले जाई. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. गायकवाड यांचा जन्म त्याच वर्षीचा. कायदा गेला, पण नाव गेले नाही. जमिनीचा तुकडा नाही, कामाला कोणी ठेवत नाही, आणि चोरी कोठेही होवो, पोलिसांची गाडी आधी या वस्तीवर येणार. अशा घरांतून मुलांना खिसे कापण्याचे शिक्षण दिले जाई, आणि पकडले गेल्यावर मार खाऊनही तोंड उघडू नये म्हणून आधी घरीच मार दिला जाई.

या वस्तीतील लक्ष्मण नावाचा मुलगा खिसेकापू का झाला नाही? पुस्तक वाचताना आम्ही हाच प्रश्न मनात धरून पाने उलटली. त्यांच्या वडिलांनी शेतावर राखणीचे काम धरले होते. म्हणजे त्या घरात एक तरी माणूस असा होता, ज्याच्यावर बाहेरच्या कोणीतरी विश्वास टाकून आपले पीक त्याच्या हवाली केले. त्याच वडिलांनी मुलाला शाळेत घातले. शाळेत जाणारे घरातील ते पहिलेच मूल. पुढे वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली, तेव्हा जमातीतील मोठी माणसे म्हणू लागली की हा पोरगा शाळेत जातो म्हणूनच हे संकट आले, त्याची शाळा बंद करा. बापाने बंद केली नाही. आम्हाला या संपूर्ण पुस्तकात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. पोलिसांचा दरारा, उपास, मार हे सर्व भयंकर आहेच. पण आपल्याच लोकांचा रोष पत्करून एक अशिक्षित बाप मुलाचे दप्तर काढून घेत नाही, याला काय म्हणावे? लक्ष्मण गायकवाड पुढे लातूरला सूतगिरणीत कामाला लागले, कामगारांच्या संघटनेत पडले, भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत गेले आणि लेखक झाले. त्यांच्या इतर भाऊबंदांना तो मार्ग मिळाला नाही. त्यांच्यात काही कमी होते असे समजण्याचे आम्हाला कारण दिसत नाही.

आता एक गोष्ट आपल्या अंगणातील. ती आमच्याच चुकीची आहे. ज्या मुलांविषयी लिहीत आहोत त्यांना विचारून लिहीत आहोत, आणि यात पापनिवेदनातील काहीही नाही, सर्व उघड घडलेले आहे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कॅरोल-फेरीत जमलेल्या पैशांचा डबा चर्चमागच्या खोलीतून नाहीसा झाला. त्या खोलीत तेव्हा संध्याकाळची अभ्यासिका चाले आणि सर्व धर्मांची मुले येत. त्या वस्तीतील चार मुले त्यांत होती. कोणी पाहिले नव्हते, कोणाकडे पुरावा नव्हता, तरी दोन दिवसांत सर्वांच्या तोंडी त्या चौघांचेच नाव झाले. आम्ही त्यांना बोलावून 'काही दिवस येऊ नका' असे सांगितले. शब्द गोड होते. दार मात्र बंद झाले होते. डबा कोणी नेला ते आजपर्यंत कळलेले नाही.

दीड वर्षाने त्या चौघांपैकी एक मुलगा मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात सापडला. आम्ही त्याला भेटायला गेलो. रागावणार होतो, पण रागावण्याइतके तोंड आम्हाला उरले नाही. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "नाव तर लागेलच होतं ना, फादर." त्याला चोर आम्ही केले असे म्हणणे खोटे होईल. त्याचे वडील दारूत गेलेले, आई भुसावळला कामाला, आणि संगत जी मिळाली ती मिळाली. त्याने स्वतः हात घातला, तेव्हा जबाबदारीही त्याची आहे, आणि तीही त्याला सांगितलीच पाहिजे, नाहीतर आपण त्याला माणूस न मानता परिस्थितीचे बाहुले मानतो. पण संध्याकाळचे दोन तास जो मुलगा आमच्या खोलीत बसत असे, तो ते दोन तास नंतर कोठे बसू लागला, याची चौकशी आम्ही कधी केली नाही, हेही तितकेच खरे.

उरलेल्या तिघांचे काय झाले? एक आयटीआय करून कामाला लागला. एक लग्न होऊन सुरतेला आहे. तिसऱ्याचे आम्हाला विशेष वाटते, कारण घरच्या परिस्थितीत तो आणि पकडला गेलेला मुलगा यांत डावे-उजवे करता आले नसते. आम्ही त्याला विचारले, "तू कसा वाचलास?" तो हसला. म्हणाला, आजी दारात बसून राहायची. कितीही उशीर होवो, तो आल्याशिवाय ती भाकरी खात नसे, त्यामुळे उशीर करायची लाज वाटे. आणि दुसरे म्हणजे केळी कापणीच्या टोळीतील मुकादमाने त्याचे अक्षर पाहून त्याच्या हाती घडांच्या मोजणीची वही दिली. पंधरा वर्षांच्या पोराच्या वहीवर मोठ्या माणसांची मजुरी ठरू लागली. चुकीचा आकडा लिहिला तर एखाद्या घरी त्या आठवड्याचा बाजार कमी होईल, हे त्याला कळत होते. मुकादमाने काही उपदेश केला होता का? "नाही हो फादर, तो तर शिव्याच द्यायचा."

हर्शी यांचे ते मनात हजर असणे म्हणजे आमच्या लेखी आता ती दारातली आजी आहे. आणि ती वही मिळाली नसती तर केवळ आजी पुरली असती का, हे आम्हाला सांगता येणार नाही.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा अभ्यास एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके केला. गरिबी, आजारपण, घरातील भांडणे, व्यसने अशी अनेक संकटे एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले चांगली, कर्तबगार माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी मोठे माणूस असे होते, जे त्यांना धरून राहिले. ते आईवडीलच असतील असे नाही. कोठे आजी, कोठे मावशी, कोठे शिक्षक, कोठे प्रार्थनामंदिरातील कोणी वडीलधारे. शिवाय यांतील अनेक मुलांवर घरातील कामाची खरी जबाबदारी होती. आपल्या मुकादमाला हे शास्त्र कोणी शिकवले असेल! याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे. किशोरवयात ज्यांनी गुन्हे केले त्यांतील बरेच जण तिशीपर्यंत मार्गाला लागले होते : कोणाला नोकरीने आधार दिला, कोणाला चांगल्या जोडीदाराने, कोणाला श्रद्धावंतांच्या समूहाने. म्हणजे पकडल्या गेलेल्या आपल्या त्या मुलाचा हिशेब अजून मिटलेला नाही.

नागपूरच्या विजय बारसे सरांची कथा आपल्यापैकी अनेकांनी 'झुंड' या २०२२ सालच्या चित्रपटात पाहिली असेल. हिस्लॉप महाविद्यालयातील या क्रीडाशिक्षकांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले व त्यांच्या हाती फुटबॉल दिला. मुले मैदानावर असतात तोवर वाईट गोष्टींपासून दूर असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. चित्रपट पाहून आपले काही तरुण आमच्याकडे फुटबॉल मागायला आले होते. फुटबॉल आम्ही आणून दिला, तो सध्या कपाटावर आहे. नागपुरात चेंडूबरोबर रोज मैदानाच्या कडेला उभे राहणारे सर होते. आपण दुकानातून फक्त चेंडू आणला.

खानदेशाला तर हे बाहेरून शिकण्याची गरजही नव्हती. १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन आपल्या फैजपुरात झाले, आणि त्यासाठी राबणाऱ्यांत साने गुरुजी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गुरुजींनी त्याआधी, १९२४ ते १९३० या काळात, अमळनेरच्या शाळेत शिकवले आणि तेथील छात्रालय सांभाळले. मुले बाहेर गेली की ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, पसरलेली अंथरुणे आवरीत. ती मुले काही गुन्हेगारीच्या वाटेवर नव्हती. पण आपल्या खोलीतील केर कोणी काढला हे कळल्यावर मुलाच्या मनात जे होते, ते छडीने होत नाही.

संत जॉन बॉस्को यांनाही तुरिनच्या तुरुंगात असेच काही उमगले. एकोणिसाव्या शतकात तेथे कोवळ्या वयाची मुले शिक्षा भोगून सुटत आणि पुन्हा तेथेच परत येत. बाहेर त्यांची वाट पाहणारा एकही स्नेही नाही, हे त्याचे कारण त्यांच्या लक्षात आले. त्यांनी गुन्ह्यानंतरच्या शिक्षेपेक्षा गुन्ह्याआधीच्या सोबतीवर आयुष्य वेचले.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे. संगत लागते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. अनेक अभ्यास तेच सांगतात, आणि आपल्या मुलाची काळजी करणे हे आईचे कर्तव्यच आहे. पण संगत दोन्ही बाजूंनी लागते. त्यांचा मुलगा ज्याच्याबरोबर बसतो, त्या मुलासाठी हा अभ्यासाचा सोबती म्हणजेच चांगली संगत आहे. ती तोडली तर एक मुलगा सुरक्षित झाल्यासारखे वाटेल आणि दुसऱ्याच्या अंगावरील वेष्टण तेवढे पातळ होईल.

शिकागो शहरातील ३४३ भागांमध्ये रॉबर्ट सॅम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रहिवाशांना विचारले होते : तुमच्या गल्लीतील मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली, तर तुमचे शेजारी त्यांना हटकतील का? हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. जेथे लोक एकमेकांवर विश्वास ठेवत व दुसऱ्याच्याही मुलाला हटकत, तेथे हिंसा कमी होती. गरिबीचा फरक हिशेबात धरल्यावरही कमी होती. एकेकाळी आपल्याकडे कोणाचेही पोर विडी ओढताना दिसले तर कोणीही कान पकडत असे आणि घरी सांगत असे. आज आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि गटावर टाकतो. खाली कोणीतरी लिहितेच : 'त्या वस्तीतली पोरं'.

आपल्या देशाचा कायदा यात आपल्यापेक्षा पुढे गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाला गुन्हेगार, आरोपी हे शब्द लावू नयेत असे तत्त्व आहे. पोलिसांच्या मराठी कागदपत्रांत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असे लिहितात. शब्द जड आहे, उच्चारताना जीभ अडखळते, पण त्यात 'बालक' शिल्लक आहे.

अभ्यासिका येत्या सोमवारपासून पुन्हा सुरू होत आहे. वेळ संध्याकाळी ७ ते ९. सर्व मुलांना दार उघडे राहील. त्या वस्तीतील घरोघरी आम्ही स्वतः जाऊन तसे सांगून आलो आहोत. किल्ली एका मुलाकडे राहणार आहे. हजेरीची वही आणि दिवाबत्तीचा हिशेबही मुलेच ठेवतील. शिकवायला कोणी नको आहे, तेथे बसायला मोठी माणसे हवी आहेत. निवडणे-टिपणे, शिवण, जपमाळ, वर्तमानपत्र काहीही घेऊन येऊन बसावे. एखादा मुलगा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन यावे, एवढेच काम. ज्या मातेने आम्हाला प्रश्न विचारला, त्यांनी गुरुवार घेतला आहे. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवारही लागले. बुधवार व शनिवार अद्याप रिकामे आहेत.